ब्रेक्झिटनंतरची आयर्लंडची सीमा : तुमचे अनुभव लिहा

२३ जून २०१६ च्या सार्वमतात मी मत दिले होते. पारपत्र भारतीय असले तरी राष्ट्रकुलातील देशाची नागरिक आणि ब्रिटनची कायदेशीर रहिवासी म्हणून मला तो हक्क होता. ब्रिटनभरात ५१.९ टक्के मते युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. आमच्या उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांनी संघातच राहायचे म्हटले, तरी आम्हालाही बाहेर पडावे लागले. मतपत्रिकेवर एका वाक्याचा प्रश्न होता. ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातच असलेले दक्षिणेकडचे स्वतंत्र आयर्लंड यांच्यामधून, बेटाच्या पोटातून जाणाऱ्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेचे काय करायचे, हे ठरवण्यात पुढची साडेतीन वर्षे गेली आणि जे ठरले त्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

आता आयर्लंडच्या एकीकरणासाठी सार्वमत घ्यावे, ही मागणी उघडपणे होते आहे. उत्तरेतला अनेक वर्षांचा रक्तपात थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने त्याची वाट करून ठेवली आहे. उत्तरेतील बहुमत एकीकरणाच्या बाजूने जाईल असे दिसू लागले, तर ब्रिटनच्या संबंधित मंत्र्याने तिथे मतदान घ्यायचे आहे आणि दक्षिणेकडील प्रजासत्ताकाचीही वेगळी संमती लागणार आहे. या वेळी तपशील आधी ठरावेत आणि मत नंतर मागावे, असे मला कळकळीने वाटते. हे तपशील कुठे कुठे बोचतात, हे तिथे राहणाऱ्यांनाच कळते. म्हणून या बेटांवर राहणाऱ्या मराठी मंडळींनी घरात, नोकरीत, प्रवासात स्वतः पाहिलेले लिहावे, अशी विनंती आहे. (बेलफास्ट)

न्यूरी येथून

आमच्या घरापासून सीमा मोटारीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथे फाटक नाही, चौकी नाही, शिपाई नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि वेगमर्यादेचे फलक मैलांऐवजी किलोमीटर दाखवू लागतात, एवढीच खूण. माझे स्थानिक सहकारी दुपारच्या सुट्टीतसुद्धा पलीकडे पेट्रोल भरून येतात. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना हे मोकळेपण जुन्या समाईक प्रवास क्षेत्रामुळे मिळाले आहे आणि ते ब्रेक्झिटनंतरही टिकले. माझ्याकडे मात्र भारतीय पारपत्र आणि ब्रिटनचा नोकरीचा व्हिसा होता, त्यामुळे मला आयर्लंडचा वेगळा व्हिसा घ्यावा लागे. मुलीच्या वर्गाची सहल सीमेपलीकडच्या कार्लिंगफर्डला निघाली, तेव्हा वेळेत व्हिसा मिळाला नाही म्हणून ती एकटी घरी राहिली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. "तिथे तर दारच नाही, मग मला कोण अडवणार?" या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. डब्लिनच्या बसमध्ये डंडॉकजवळ आयरिश पोलीस चढतात आणि कागदपत्रे कोणाकडे मागतात, हे आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे.

हा त्रास ब्रेक्झिटने आणलेला नाही, तो आधीपासूनचा आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण त्या वर्षांत चौक्या परत येणार अशी बोलणी सुरू झाली, तेव्हा साठीच्या आसपासचे माझे एक सहकारी ज्या स्वरात बोलले, तो स्वर मी विसरू शकत नाही. त्या रक्तपाताच्या काळात, २२ ऑगस्ट १९७२ रोजी, न्यूरीच्या कस्टमच्या कचेरीत बॉम्बस्फोट झाला आणि नऊ माणसे मेली. तो आवाज त्यांनी लहानपणी आपल्या घरातून ऐकला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सच्या बैठकीत आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी त्याच स्फोटाची बातमी छापलेला जुना अंक इतर नेत्यांना दाखवला, हे वाचून त्या सहकाऱ्यांनी मला एवढेच सांगितले, "कोणीतरी दाखवायलाच हवा होता."

लिसबर्न येथून

माझा अनुभव कढीपत्त्याच्या रोपाचा आहे. इंग्लंडमधल्या एका रोपवाटिकेकडून मी दर दोन-तीन वर्षांनी रोप मागवत असे, कारण इथल्या हिवाळ्यात ते तग धरत नाही. २०२१ च्या वसंतात त्यांनी कळवले की उत्तर आयर्लंडला रोपे पाठवणे बंद केले आहे. आयर्लंडच्या जमिनीवर चौक्या नकोत म्हणून मालाची तपासणी समुद्रावर, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडहून येणाऱ्या बोटींच्या बंदरांत करायची असे ठरले होते आणि मातीसकट येणारे रोप त्या नियमांत अडकले.

माझ्यापुरती ही किरकोळ अडचण होती, पण शेजारच्या आजोबांना ती सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते युनियनवादी आहेत, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावा असे मानणारे. त्यांचे वडील ब्रिटनच्या सैन्यात होते. ते म्हणाले, "मलाही माझ्याच देशातून गुलाबाचे झाड आणता येत नाही." समुद्रातल्या त्या तपासणीने त्यांच्यासारख्यांच्या मनाला किती खोल जखम केली, हे मला त्या दिवशी कळले. त्याच एप्रिलमध्ये पश्चिम बेलफास्टच्या लॅनार्क वे येथे, दोन वस्त्यांमधल्या भिंतीच्या फाटकाजवळ, युनियनवादी पोरांनी बस जाळली. आजोबांना त्या पोरांचा संताप आला होता आणि तरी ती पोरे कशामुळे चिडली आहेत हे त्यांना नेमके ठाऊक होते. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेल्या विंडसर आराखड्याने पुष्कळ नियम सैल केले आणि रोपांसाठीही सोपी वाट निघाली, पण त्या रोपवाटिकेने पुन्हा पाठवायला सुरुवात केली नाही.

याच वादापायी डीयूपी या युनियनवादी पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे स्टॉरमाँटचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे स्थानिक, सरकार चालू दिले नाही. मी परिचारिका आहे. इंग्लंडमधल्या परिचारिकांना मिळालेली पगारवाढ आम्हाला देण्याचा निर्णय घ्यायला इथे मंत्रीच नव्हते. १८ जानेवारी २०२४ रोजी एक लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यांत मीही होते. रस्त्यांवर मीठ टाकणारे कर्मचारीसुद्धा संपात असल्यामुळे आम्ही बर्फाळ पदपथावर एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. माझ्या एका बाजूला राष्ट्रवाद्यांच्या, म्हणजे एकसंध आयर्लंड हवे असलेल्यांच्या, फॉल्स रोडची मैत्रीण होती आणि दुसऱ्या बाजूला युनियनवाद्यांच्या शँकिलची. एरवी या दोघी एकमेकींच्या वस्तीत सहसा जात नाहीत. पुढे ३ फेब्रुवारीला सरकार परतले आणि मिशेल ओ'नील प्रथम मंत्री झाल्या. १९२१ मध्ये ज्या प्रदेशाची आखणीच युनियनवादी बहुमत टिकावे अशी झाली होती, तिथे त्या पदावर राष्ट्रवादी व्यक्ती प्रथमच बसली. शँकिलच्या मैत्रिणीने मला विचारले, "पगारवाढ आता मिळेल ना?" फॉल्स रोडच्या मैत्रिणीनेही तेच विचारले.

स्विंडन येथून

आम्ही मूळचे गोव्यातल्या डिचोलीचे. वडिलांचा जन्म १९६१ पूर्वीचा असल्यामुळे मला पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले आणि त्या पारपत्रावर मी इथे आलो. इथे स्विंडनमध्ये असे गोंयकार पुष्कळ आहेत. २०१६ मध्ये युरोपीय नागरिक म्हणून मला सार्वमतात मत नव्हते, पण माझ्या पत्नीला भारतीय नागरिक म्हणून होते. ज्याचे राहणेच पणाला लागले होते तो घरी बसला आणि पत्नी दोघांच्या वतीने मत देऊन आली. पुढे ३० जून २०२१ च्या आत कायम रहिवासाचा अर्ज करताना दहा वर्षांच्या पगारपावत्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो. आयर्लंडच्या सार्वमतात मतदार कोण असतील, हे करारात लिहिलेले नाही. धागाकर्त्या म्हणतात त्या तपशिलांत हा तपशील मी सर्वांत वर ठेवीन.

डेरी येथून

मी इथे रुग्णालयात डॉक्टर आहे. (गावाला लंडनडेरी म्हणायचे की डेरी, यावरून माणसाचा कल ओळखला जातो, रुग्णाने जो शब्द वापरला तोच मी वापरतो.) अल्टनागेल्विन रुग्णालयातील कर्करोग केंद्रात सीमेपलीकडच्या डॉनेगलचे रुग्ण किरणोपचारासाठी येतात आणि आमच्याकडच्या बालकांची हृदयशस्त्रक्रिया डब्लिनला होते. म्हणजे आरोग्याच्या बाबतीत हे बेट बरेचसे एक झालेलेच आहे, आणि ते कोणत्याही सार्वमताविना झाले.

तरीही एकीकरणाचा विषय निघाला की रुग्ण पहिला प्रश्न आरोग्यसेवेचाच काढतात. उत्तरेत डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत. दक्षिणेत ज्यांच्याकडे सरकारी सवलतीचे कार्ड नाही त्यांना बहुधा एका भेटीला साधारण पन्नास-साठ युरो मोजावे लागतात. माझ्या एका वृद्ध रुग्ण बाई आयुष्यभर एकसंध आयर्लंडसाठी मत देत आल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात रक्तदाब मोजता मोजता त्या म्हणाल्या, "माझे मन केव्हाच पलीकडे गेले आहे, डॉक्टर, पण माझ्या गोळ्या इकडच्या आहेत." उत्तरेत जमा होणाऱ्या करांपेक्षा तिथला सरकारी खर्च दर वर्षी कित्येक अब्ज पाउंडांनी जास्त होतो आणि ती तूट लंडन भरते. एकीकरणानंतर ती कोण भरणार, याचे उत्तर या बाईंना मतदानाआधी मिळायला हवे.

डब्लिन येथून

वराडकरांचा उल्लेख वर आला आहेच. मी मालवणची. त्यांच्या वडिलांचे गाव वराड आमच्याच तालुक्यातले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह तिथे गेले तेव्हा माझी आई गर्दीत उभी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी इंग्लंडमधील विरल येथे बोलणी करून सीमेची कोंडी फोडली होती. आईला यातले फारसे ठाऊक नव्हते, पण "आपला माणूस तिकडचा तंटा सोडवतो" असे तिने मला फोनवर सांगितले, तेव्हा मला भरून आले.

मी आता आयरिश नागरिक आहे, त्यामुळे दक्षिणेतल्या मतदानात मला मत असेल. माझ्या कार्यालयातील बहुतेक सहकारी एकीकरणाला लगेच होकार देतात. पण ध्वज किंवा राष्ट्रगीत बदलावे लागले तर चालेल का, असे विचारले की गप्प होतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण बेलफास्टला कधी गेलेले नाहीत, जरी आगगाडीने ते अवघे दोन तासांवर आहे. लिसबर्नच्या ताईंनी लिहिलेल्या आजोबांसाठी आपण काय सोडायला तयार आहोत, हा प्रश्न इथे फारसा कोणी विचारत नाही.

न्यूरी येथून, पुन्हा

डब्लिनच्या ताईंचे वाचून लिहावेसे वाटले. गेल्या वर्षी आम्हाला आणि मुलीला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. पारपत्र हाती आल्यानंतरच्या रविवारी आम्ही ओमीथमार्गे कार्लिंगफर्डला गेलो. तिथे जाताना खाडीवर नॅरो वॉटरच्या पुलाचे काम चालू असलेले दिसते. आयर्लंड सरकारच्या पैशाने तो दोन्ही बाजू जोडणार आहे. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. पिवळी रेघ सुरू झाली तेव्हा तिने मोटार थांबवायला सांगितली, खाली उतरून थोडे मागे चालत गेली आणि रेघेचा रंग जिथे बदलतो तिथे बराच वेळ उभी राहिली.