हाताची पकड टिकवण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपीचा कितपत उपयोग होतो?

प्रश्न

माझ्या आईचे वय ७४ आहे. दोन वर्षांपासून तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी दुखते. एक्स-रेमध्ये तिथल्या सांध्याची झीज दिसली, आणि ‘वयोमानानुसार असे होतेच’ असे सांगून डॉक्टरांनी मलम लिहून दिले. बरणीचे झाकण उघडणे, बटणे लावणे, किल्ली फिरवणे तिला जड जाते. पकड सुधारावी म्हणून मी रबरी चेंडू आणून दिला. तिने तो महिनाभर निष्ठेने दाबला आणि दुखणे वाढले. आता ही कामे आम्हीच करून टाकतो. एका परिचितांनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली आहे. झिजलेला सांधा पूर्ववत होणार नसेल, तर या उपचाराने नेमके काय साधते?

उत्तर १

मी याच क्षेत्रात काम करते. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, पण इथे ‘व्यवसाय’ म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळे त्यात येते. त्यामुळे आम्ही सुरुवात सांध्यापासून न करता अडलेल्या कामापासून करतो.

चेंडूविषयी आधी सांगते. चिमटीत धरताना बोटांच्या टोकांशी एक किलो जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे बारा पट भार येतो. झिजलेल्या सांध्याला रोज कडक चेंडू दाबायला लावणे म्हणूनच अंगलट येते. याचा अर्थ व्यायाम वाईट असा नाही. अंगठा तळहातापासून दूर नेणारे आणि त्याची गोलाई टिकवणारे स्नायू हलक्या व्यायामाने बळकट करता येतात, मात्र ते कुणीतरी समोर बसून शिकवावे लागतात. व्यायामानंतरचे दुखणे दोन तासांहून अधिक रेंगाळले, तर प्रमाण कमी करावे, असा साधा दंडक आम्ही पाळतो.

दुसरा भाग स्प्लिंटचा, म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या पट्ट्याचा. अंगठ्याच्या मुळाला आधार देणाऱ्या स्प्लिंटची ठाम शिफारस अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. तिसरा भाग कामाच्या पद्धतीचा: झाकणावर रबरी जाळी ठेवून तळहाताच्या जोराने फिरवणे, पेनाच्या किंवा चमच्याच्या दांड्यावर फोमची नळी चढवून तो जाड करणे, किल्लीला रुंद मूठ बसवणे, वजन बोटांवर न लटकवता दोन्ही तळहातांवर घेणे. झीज तशीच राहते, पण तीच कामे कमी भारात होऊ लागतात.

उत्तर २

माझ्या वडिलांचा अनुभव सांगतो. पहिल्या भेटीत त्यांच्या मुठीची ताकद डायनॅमोमीटरने मोजली, पण त्याहून अधिक वेळ त्यांना शर्टाची बटणे लावताना पाहण्यात गेला. बटण लावण्याचे आकडीसारखे छोटे साधन त्यांनी आठवडाभर कपाटात ठेवले होते, कारण ते वापरणे त्यांना कमीपणाचे वाटे. खरी अडचण मात्र आमचीच निघाली: त्यांना वेळ लागतो म्हणून आम्ही बटणे लावून देत होतो, आणि हाताला जी थोडीफार हालचाल घडत होती तीही थांबली होती. आईंची सगळी कामे काढून घेण्यापूर्वी हे जरूर लक्षात घ्यावे.

उत्तर ३

एक सावधगिरी. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि सांधे सुजून गरम होत असतील, तर केवळ झीज समजून बसू नये. तो रूमॅटॉइड संधिवात, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा वेगळा आजार, असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे असते. अर्थात त्या आजारातही हाताचा व्यायाम उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेला ‘सारा’ हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नेहमीच्या उपचाराला हात ताणण्याच्या आणि बळकटीच्या व्यायामांची जोड मिळालेल्या गटाचे हात वर्षभरानंतरही अधिक चांगले चालत होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर मनगटातील नस दबल्याची तपासणी करावी. हात अचानक लुळा पडला, तर मात्र थेरपीची वेळ ठरवत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. आईला बधिरपणा नाही आणि ताठरपणा दहा मिनिटांत जातो. चेंडू आजच काढून ठेवला. स्प्लिंट दिवसभर घालायचा का?

उत्तर १

सहसा नाही. जोर लागणाऱ्या कामांच्या वेळी घालावा, एरवी काढून अंगठा मोकळा हलवावा. सतत बांधून ठेवल्यास तो ताठरतो. स्प्लिंट मापाने बनवून घ्या आणि त्वचेवर लाली राहत असेल, तर परत जाऊन सैल करून घ्या. पहिल्या भेटीला जाताना आईंना सर्वांत जास्त नडणारी तीन कामे त्यांनाच विचारून लिहून न्या. ती यादी तुम्ही बनवू नका. बहुतेकदा घरच्यांची आणि रुग्णाची यादी जुळत नाही.