तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या: औषधांची नोंद जुळवायची कशी?

चौकस
बीपी, शुगर आणि सांधेदुखी यांची औषधं तीन वेगळ्या डॉक्टरांकडून चालू आहेत. चिठ्ठ्या, दुकानाची बिलं आणि हॉस्पिटलच्या अ‍ॅपमधली यादी यांचा आपसात मेळ बसत नाही. खरं कोणतं धरायचं? आणि ओडी, एसओएस, एसआर हे नेमकं कसं वाचायचं?

खलबत्ता
तिन्ही खरं, पण वेगवेगळ्या अर्थानं. चिठ्ठी सांगते काय घ्यायला सांगितलं, बिल सांगतं काय विकत घेतलं. अ‍ॅपमध्ये बंद झालेली औषधंही तशीच पडून असतात. प्रत्यक्ष पोटात काय जातं, ते यातलं एकही सांगत नाही. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप समोर घेऊन चौथी यादी करा: मूळ घटकाचं नाव, ब्रँड, किती मिलिग्रॅम, केव्हा किती, कुणी दिलं, कधी सुरू, कशासाठी. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात, आणि मग दोन वर्षांनी ती गोळी बंद करायला कुणी धजावत नाही. बंद झालेलं औषध खोडू नका. तारीख आणि कारण लिहून खाली ठेवा.

मात्रा
१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा! एसओएस म्हणजे गरज पडली तरच. पण दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे विचारून शेजारी लिहा.

एसआर, एक्सआर, ईआर म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी. ती कुटली किंवा चावली तर कित्येक तासांचं औषध एकदम सुटतं. म्हणून शुगरची ‘मेटफॉर्मिन ५००’ आणि ‘मेटफॉर्मिन एसआर ५००’ या दोन वेगळ्या नोंदी. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. तिथे मिलिग्रॅम लिहिलं की हजारपटीची चूक.

सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. यादीत वार लिहा. चुकून रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवावरही बेततं.

खलबत्ता
मूळ घटक लिहायचा तो यासाठीच. एका चिठ्ठीत बीपीची नुसती टेल्मिसार्टन आणि दुसरीत टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन एकत्र असेल, तर ब्रँडच्या नावांवरून दुहेरी डोस लक्षात येत नाही. पॅरासिटामॉलचंही तेच, ते सर्दीच्या गोळ्यांतही लपलेलं असतं. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी.

चिठ्ठीशिवाय घेतलेली दुखण्याची गोळीही यादीत हवी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बीपी वाढवतात. त्यांच्यासोबत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर किडनीवर ताण येतो.

बिलांचा खरा उपयोग मोजणीला. १-०-१ ने ३० दिवसांना ६० गोळ्या लागतात. तेवढ्याच गोळ्या ४५ दिवस पुरल्या असतील तर डोस चुकताहेत. हे डॉक्टरांना सांगितलं नाही, तर औषध लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतील.

चौकस
एकच औषध दोन चिठ्ठ्यांत वेगळ्या डोसनं असेल तर? नव्या तारखेचं धरायचं?

मात्रा
तारखेवर ठरवू नका. डोस बदललेला असू शकतो, किंवा दुसऱ्या डॉक्टरांना पहिली चिठ्ठी ठाऊकच नसेल. दोन्ही डोस मिळून घेऊ नका, त्याच दिवशी फोन करून विचारा. मनानं एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड, फिट्सची औषधं, बीपी-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं.

आणि यादीच्या माथ्यावर अ‍ॅलर्जी. नुसतं ‘पेनिसिलिन’ नको, काय झालं होतं तेही लिहा. अंगावर गांध्या उठून श्वास कोंडला असेल तर ते औषध वर्ज्य. नुसती मळमळ असेल तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नसतेच.