गादी किती दिवसांनी साफ करावी?

प्रश्न (खानापूर): सासूबाईंची गादी कापसाची आहे, मुलांची फोमची. धाकट्याला दमा आहे आणि पावसाळ्यात इथे चार-चार दिवस ऊन दिसत नाही. दोन्ही गाद्या किती दिवसांनी साफ कराव्यात?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव): एरवी वर्षातून दोनदा पुरते, परंतु दमा असलेल्या घरात तो हिशेब चालत नाही. धुळीतले सूक्ष्म किडे दमट अंथरुणात वाढतात. म्हणून चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावेत, गादीला चेनची बंद खोळ घालावी आणि महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा, मात्र त्या वेळी मुलाला खोलीत थांबू देऊ नये. फोम भिजवू नये, कारण आतला ओलावा लवकर सुकत नाही.

उत्तर (निपाणी): कापसाच्या गादीला उन्हासारखे दुसरे औषध नाही. आमच्याकडे दसऱ्याच्या धुण्याला वाकळा नदीवर जातात आणि गाद्या माळवदावर; दुपारी उलटून काठीने झोडपल्या की धुळीचा लोट उठतो. गुठळ्या झाल्यास कापूस पिंजून घ्यावा.

प्रश्नकर्ती (खानापूर): आभारी आहे. खोळ या आठवड्यातच घेते. कापसाच्या गादीला मात्र उघडीप मिळेपर्यंत थांबावे लागेल.