डायरेक्टर्स गिल्डचा अवॉर्ड मिळाला की ऑस्कर पक्का असतो का?

सातरस्ता_सिनेमा:
मंडळी, अमेरिकेत डायरेक्टर्स गिल्डचे अवॉर्ड असतात ना दरवर्षी, तो ज्याला मिळतो त्यालाच पुढं ऑस्कर मिळतो म्हणतात, हे कितपत खरं? सिरियलवाल्यांना पण देतात म्हणे. आम्ही चौघं मिळून शॉर्टफिल्म करतो, काल हुतात्मा स्मृती मंदिराबाहेर चहा पिताना यावरनं लई वाद झाला.

जुळेसोलापूरकर:
बहुतेक वेळा खरं ठरतं, पण दरवेळी नाही. 1986 ला स्पीलबर्गला द कलर पर्पलसाठी गिल्डचा मिळाला आणि ऑस्करला डायरेक्टर म्हणून साधं नॉमिनेशन पण नाही, 2013 ला आर्गोच्या बेन ॲफ्लेकचं सेम तसंच, ऑस्कर गेला आंग लीला. ऑस्करच्या शेवटच्या फेरीत ॲक्टर, रायटर, एडिटर सगळेच मत देतात, इथं मात्र गिल्डचेच मेंबर. आणि गिल्ड म्हणजे मूळ युनियन बरं का, 1936 ची, आपल्याकडं गिरणी कामगारांची असायची तशी, पगार, कामाचे तास, क्रेडिट यासाठी भांडणारी. म्हणून मला हा अवॉर्ड ऑस्करपेक्षा मोठा वाटतो, उन्हात सेट लावून उभं राहिलेल्या माणसांनी दिलेला असतो तो.

होटगीरोड_११:
सिरियलचं बरोबर हाय, ड्रामा, कॉमेडी वेगवेगळे असतात आणि अख्ख्या सिरियलला नाही तर एका ठरावीक एपिसोडच्या डायरेक्टरला मिळतो. पण मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगू का, जिंकणाऱ्या डायरेक्टरच्या टीमचा, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, प्रॉडक्शन मॅनेजर यांचा पण तिथं मान होतो, ते पण गिल्डचे मेंबरच असतात. मी दोन वर्षं एका सिरियलवर असिस्टंट होतो, पहाटे पाचचा कॉलटाइम, रात्री पॅकअप झाल्यावर उद्याचं शेड्यूल, आणि टायटलमध्ये नाव एकदा पण आलं नाही. आईला दाखवायला काहीच नव्हतं.

जुळेसोलापूरकर:
वाईट वाटलं वाचून. अजून एक राहिलं, पहिलाच सिनेमा करणाऱ्यांसाठी 2015 च्या सिनेमांपासून वेगळा अवॉर्ड हाय. तसं आपल्याकडं राष्ट्रीय पुरस्कारात पण पदार्पणाचा असतोच की, आपल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंना आधी पिस्तुल्या या शॉर्टफिल्मला आणि मग फँड्रीला मिळाला. चौघांनी सोडू नका.

सातरस्ता_सिनेमा:
धन्यवाद मालक. होटगीरोड, तुमचं वाचून आत्ताच एडिटिंगवाल्याला फोन केला, आमच्यात लाइट धरणारं आणि सगळ्यांना गोळा करणारं एक पोरगं हाय, त्याचं नाव शेवटी बारीक अक्षरात टाकलं होतं. आता असिस्टंट डायरेक्टर म्हणून वेगळी पाटी करतोय.