कार्सनचे पडलेले जोक: लोक नक्की हसायचे कशाला?

रातजागा
झोप येत नाही म्हणून महिनाभर यूट्यूबवर जॉनी कार्सनच्या ‘द टुनाइट शो’च्या, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या शोच्या, क्लिपा बघतोय. एक कोडं सुटत नाहीये. सुरुवातीच्या मोनोलॉगमधले, म्हणजे एकट्याने उभं राहून सांगितलेले, बरेच जोक चक्क पडतात. निक्सन, रेगन इतपत मला समजतं, पण त्या दिवशीच्या पेपरातल्या कुठल्याशा सिनेटरवर कोटी असते, ती समोरच्यांनाही रुचलेली दिसत नाही. सगळं गार. मग हा माणूस टायची गाठ चाचपतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि लोक पोट धरून हसतात. हे हसू मागाहून चिकटवलंय का? ३० वर्षं याला राजा म्हणायचे ते कशासाठी?

जुनी अँटेना
हसू अस्सल आहे. स्टुडिओत समोर माणसं बसलेली असायची, आधी न्यूयॉर्कला आणि १९७२ पासून बरबँकला.

मी १९९० ते ९२ नेब्रास्कात, लिंकनच्या विद्यापीठात शिकत होतो. पूर्व किनाऱ्यावर ११:३०ला लागणारा शो आमच्याकडे १०:३०ला लागायचा. कुणीतरी टाकून दिलेला टीव्ही आम्ही तिघांनी उचलून आणला होता. मलाही पहिले काही महिने तुमच्यासारखंच व्हायचं. माझा रूममेट शेतकऱ्याचा मुलगा, अबोल. तो जोकला हसायचाच नाही. चांगला जोक झाला की नुसती मान हलवायचा. जरा कच्चा जोक सुरू झाला की मात्र सावरून बसायचा आणि म्हणायचा, “थांब, आता हा पडणार.” त्याला कार्सन पडलेला बघायचा असायचा, कारण पडल्यावर तो काय करेल याचा नेम नसे. एकदा जोक पडला तर बँडने ‘टी फॉर टू’ सुरू केलं आणि हा साठी उलटलेला माणूस सुटाबुटात, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, पाय घासत नाचायला लागला. रूममेट गादीवरून खाली आला हसून. (गादी जमिनीवरच होती, पण तरी.)

हे आपोआप जमलेलं नव्हतं. कार्सन त्याच विद्यापीठाचा, १९४९चा पदवीधर. रेडिओसाठी विनोद कसा लिहावा यावर त्याने प्रबंध केला, तोही टेपवर, त्या वेळच्या विनोदवीरांचे तुकडे वाजवून दाखवत. म्हणजे जोक कुठे चढतो आणि कुठे पडतो हे त्याने विशीतच पिसं काढावीत तसं बघून ठेवलं होतं. त्याचं ‘कर्नाक’ हे ज्योतिषाचं सोंग बघा. भलामोठा फेटा बांधून बंद पाकीट कपाळाला लावायचं, आधी उत्तर सांगायचं आणि मग पाकीट फोडून प्रश्न वाचायचा. उत्तर-प्रश्न जमले नाहीत आणि लोकांनी कुरकुर केली की कर्नाक त्यांनाच शाप द्यायचा. लोक त्या शापाचीच वाट बघायचे.

आणि मनाच्या ताकदीने चमचे वाकवतो म्हणणाऱ्या यूरी गेलरची १९७३ची क्लिप बघितलीत का? नसेल तर आज रात्री तीच लावा. कार्सन लहानपणापासून जादूवाला. टपालाने जादूचं सामान मागवून शिकलेला, नॉरफोक गावच्या रोटरी क्लबात १४व्या वर्षी ३ डॉलर घेऊन प्रयोग केलेला. त्याने जेम्स रँडीला, असले दावे उघडे पाडणाऱ्या जादूगाराला, विचारलं, काय काळजी घ्यायची? रँडी म्हणाला, वस्तू तुमच्या ठेवा, आणि गेलरला किंवा त्याच्या माणसांना आधी हात लावू देऊ नका. बस्स. मग टेबलावर चमचे, धातूचे डबे, सगळं मांडलेलं, आणि गेलर म्हणतोय आज आतून ताकद येत नाहीये. दुसऱ्या कुणी टोमणे मारून त्याची वाट लावली असती. कार्सन गप्प. सिगारेट हातात, अगदी अदबीने वाट बघतोय. त्या गप्प बसण्यासाठी राजा म्हणायचे.

कडूकारलं
गप्प बसण्याचीच गोष्ट निघाली म्हणून. विनोदवीर जोन रिव्हर्स १९६५मध्ये त्याच्या शोमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा “तू स्टार होणार” असं कार्सननेच तिला सांगितलं. १९८३पासून तो नसला की खुर्चीत बसायचा हक्क तिचाच. १९८६मध्ये तिने फॉक्स या दुसऱ्या चॅनेलवर स्वतःचा शो घेतला. तिने फोन केला, याने आपटला. पुढे १९ वर्षं जगला, तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिला त्या शोमध्ये परत बोलावलं थेट २०१४मध्ये, कार्सन जाऊन ९ वर्षं झाल्यावर. तिने आधी सांगायला हवं होतं, मान्य. पण जोक करून झाल्यावर पुरुषांना शेजारच्या सोफ्यावर गप्पांना बोलावून वर काढणारा म्हणून याचं कौतुक होतं, तेव्हा हेही मोजा, की पहिल्याच खेपेला सोफ्यावर बोलावलेली पहिली स्टँडअप बाई एलन डिजेनरस, आणि ते साल १९८६. म्हणजे शो सुरू होऊन २४ वर्षं झाल्यावर.

रातजागा
गेलर बघितली. वीसेक मिनिटं! मला घाम फुटला, आणि कार्सन मात्र दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसा बसलेला. आता सुरुवातीचे, १९६२चे भाग शोधतोय. मिळत नाहीत.

फितीवाला
मिळायचे नाहीत. तेव्हा टेप महाग, चॅनेलने पुसून पुन्हा वापरल्या. पहिल्या दहा वर्षांतलं तुरळकच उरलंय.

जुनी अँटेना
कारलं, रिव्हर्सबद्दल वाद घालत नाही. माणूस रुसला की रुसला, चार लग्नं झाली त्याची. स्वतःच्या पोटगीवर मात्र जोक करायचा.

एकदाच त्याला कोसळायच्या बेतात बघितलं. जून १९९१मध्ये त्याचा मधला मुलगा रिक अपघातात गेला. तो फोटो काढायचा. काही आठवड्यांनी कार्सन परत आला, नेहमीसारखा मोनोलॉग, नेहमीसारखे पाहुणे. शेवटची काही मिनिटं उरल्यावर म्हणाला, हे रिकचे फोटो. झाडं, पाणी, मावळता सूर्य. हास्यमुद्रा नाही, सावरून घेणारी कोटी नाही. रूममेट उठून टीव्ही बंद करायला गेला आणि बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

२२ मे १९९२ला शेवटचा भाग झाला, पाहुणे नव्हतेच. दोन वर्षांनी डेव्हिड लेटरमनच्या, तसल्याच दुसऱ्या रात्रीच्या शोमध्ये आला, त्याच्या टेबलामागे बसला, टाळ्या थांबेनात, एक शब्द न बोलता उठून गेला. पुन्हा टीव्हीवर दिसला नाही. पण घरी बसून पेपर वाचायचा आणि जोक सुचला की लेटरमनला धाडायचा, तो ते आपल्या मोनोलॉगमध्ये घालायचा. कुणाला पत्ता नव्हता. जानेवारी २००५मध्ये कार्सन गेला. ३१ तारखेला लेटरमनने मोनोलॉग केला, आणि नंतर सांगितलं की आजचे सगळे जोक जॉनीचे होते. रातजागा, ती क्लिप मिळाली तर इथे टाका. त्या रात्री कार्सनचा बँडप्रमुख डॉक सेव्हरिन्सनही ट्रंपेट घेऊन आला होता.