शिसं ओतताना ओलाव्याला जपा

पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या मासेमारीच्या जाळ्याला, लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या घरी ओताव्यात का, असं एकाने विचारलंय. ओता, पण पावसाळ्यात नको. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात ओला तुकडा पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून अंगावर येतो. मांडवीकाठच्या आमच्या अंगणात जुन्या जाळ्याचं शिसं मी तसंच ओलं तापल्या कढईत टाकलं होतं. बाबांच्या मनगटावर वाटाण्याएवढा डाग अजून आहे. म्हणून तुकडे थंड कढईतच घालून तापवत न्या, साचाही आधी शेकून घ्या. चष्मा, पूर्ण बाह्या आणि बंद बूट हवेतच. काम उघड्यावरच करा. वर जमणारी राखाडी मळी फुंकू नका, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. ती कढई स्वयंपाकघरात परत नेऊ नका. आणि पोरांना तिथे फिरकू देऊ नका, हात जोडून सांगतो.