अलाइनमेंट झालं, तरी गाडी ओढतेच: तुमच्या गाडीचं शेवटी काय निघालं?

चिंचवड

पावसाळा संपता संपता माझी गाडी डावीकडे ओढायला लागली. साधी हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर चाललेली. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घेतलं. मशीनवर सगळं हिरवं, हातात कागद, आणि देहूरोड येईपर्यंत गाडी पुन्हा डाव्या पट्टीकडे. दुसऱ्या दुकानात परत केलं, तेच झालं. दोन्हीकडे उत्तर एकच, "आमच्याकडून ओके आहे." ते खोटं सांगतात असं मला वाटत नाही. पण गाडी ओढते हेही खरं आहे, आणि तास-दीड तास स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं की खांदा भरून येतो.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा. शेवटी काय निघालं आणि ते सापडलं कसं, एवढं सांगितलंत तरी खूप. फक्त दोन तक्रारी वेगळ्या ठेवा. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं दिसतं, ही एक. पकड सैल केली की गाडी आपणहून एका बाजूला जाते, ही दुसरी. माझी दुसरी आहे.

नाशिक

माझ्याकडे टायर निघाला, तोही कोरा करकरीत. पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, त्याच दिवशी अलाइनमेंट केलं आणि संध्याकाळपासून गाडी उजवीकडे. साहजिकच मी अलाइनमेंटवाल्याशी वाद घातला. तीन चकरा झाल्या. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मशीनला हातही न लावता पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अदलाबदल केली आणि म्हणाला, "चक्कर मारून या." गाडी डावीकडे ओढायला लागली! म्हणजे दोष चाकाबरोबर फिरला.

नंतर समजलं की टायरच्या आतला पट्टा बनवताना किंचित एका कडेला सरकला, तर टायर वरून गोल दिसला तरी रस्त्यावर शंकूसारखा वागतो. पेला आडवा ठेवून ढकलला की गोल फिरत एका बाजूला जातो, तसं. कुठलंही अलाइनमेंट मशीन हे दाखवत नाही, कारण ते चाकाचे कोन मोजतं, टायर किती ओढतो ते नाही. टायर बदलून मिळाला. अलाइनमेंटवाल्याची मी जाऊन माफी मागितली.

तुमच्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र चाकं तशीच अदलाबदल करू नका. टायर रिमवरून काढून उलटा बसवून घ्यावा लागतो.

छत्रपती संभाजीनगर

आमचं अगदी साधं निघालं. डाव्या चाकात हवा २६ पीएसआय, उजव्यात ३३. व्हॉल्व्ह हळूहळू हवा सोडत होता. अलाइनमेंट करणाऱ्यानं हवा न तपासताच गाडी मशीनवर चढवली होती. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी जाते. सकाळी टायर थंड असताना चारही चाकं बघा, बाकी सगळं त्यानंतर.

रत्नागिरी, टुरिस्ट गाडी

दादा, ब्रेक बघितलात का? माझी गाडी सुरुवातीचे पाच-सात किलोमीटर सरळ जायची आणि मग हळूहळू डावीकडे. जितकी चालवावी तितकी जास्त ओढायची. खड्ड्यामुळे अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीला गरम-थंडाचं काय? ती पहिल्या मीटरपासून ओढणार. इथेच मला शंका आली.

साखरप्याहून येताना हातखंब्याला चहाला थांबलो. रिमजवळ नुसता हात नेला, टेकवला नाही. उजवीकडे कोमट. डावीकडे चुलीजवळ हात न्यावा तशी धग, आणि तो जळका वास. रिमवर पाण्याचे दोन थेंब शिंपडले तर बघता बघता उडून गेले. (तापलेल्या ब्रेक डिस्कवर बाटलीभर पाणी ओतू नका, डिस्क वाकू शकते.) मेस्त्रीनं चाक काढलं. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतल्या एकीचं रबर फाटून आत पाणी गेलेलं. ग्रीस धुऊन गेलं आणि पीन गंजून अडकली. पाय काढला तरी एक पॅड डिस्कला घासतच राहायचा. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत हे होतं, म्हणून आता दर पावसाळ्यानंतर पिना काढून साफ करून घेतो.

आंबा घाट उतरल्या उतरल्या ही तपासणी करू नका, तेव्हा दोन्ही चाकं तापलेलीच असतात. सपाटीला थोडं चालवा, ब्रेक कमी वापरा, आणि मग बघा.

न्यू जर्सी

एक वेगळा अनुभव. इथे माझी गाडी किंचित उजवीकडे जाते. सुटीत पुण्याला बाबांची गाडी चालवली तर ती किंचित डावीकडे. दोन्ही ठणठणीत. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, दहा फुटांच्या लेनला साधारण अडीच-तीन इंच. भारतात आपण डाव्या अंगानं जातो म्हणून उतार डावीकडे, इथे उजवीकडे. मोठ्या रिकाम्या मैदानात एकाच पट्ट्यावरून जाऊन या. उतार असेल तर जाताना गाडी एका हाताला जाईल आणि येताना दुसऱ्या. गाडीत दोष असेल तर दोन्ही वेळा त्याच हाताला.

ठाणे

माझ्या गाडीची कथा कोणाला सांगितली तरी विश्वास बसत नव्हता. डावीकडे वळून सरळ रस्त्याला लागले की गाडी डावीकडे ओढायची, उजवीकडे वळून लागले की उजवीकडे. शेवटचं वळण जणू तिच्या लक्षात राहायचं. दोन मेकॅनिकनी "ताई, रस्त्याचा उतार असेल" म्हणून परत पाठवलं. घोडबंदर रोडवर मी रोज जाते, उतार मला कळतो.

तिसऱ्यानं बॉनेट उघडलं, मला आत बसवून स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितलं आणि स्वतः चाकाच्या वरच्या स्प्रिंगवर हात ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही या, हात ठेवून बघा." स्टिअरिंग फिरताना स्प्रिंग पिळत होती आणि मग टण् करून सुटत होती. पंधरा दिवसांपूर्वीच शॉकअब्सॉर्बर बदलले होते, तेव्हा वरचं बेअरिंग नीट बसलं नव्हतं. स्टिअरिंग सोडलं तरी पिळलेली स्प्रिंग चाकाला मधोमध येऊ देत नव्हती. अलाइनमेंटचा इथे काही संबंधच नव्हता.

सांगली, अलाइनमेंटचं दुकान

बारा वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चिंचवडकर साहेब, बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो फिरवता येतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते. टो चुकला तर टायर कडेनं झिजतो, स्टिअरिंग वाकडं राहतं, पण गाडी सहसा ओढत नाही. चालताना दोन्ही चाकं तो फरक आपसात वाटून घेतात. ओढते ती कॅम्बर आणि कॅस्टर यांच्या डाव्या-उजव्या फरकामुळे. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत-बाहेर झुकलेलं, ज्या बाजूचं जास्त बाहेर, गाडी त्या बाजूला. कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागचा कल, ज्या बाजूचा कमी, गाडी त्या बाजूला.

आता हिरव्या रंगाचं. मशीन प्रत्येक आकडा त्याच्या मर्यादेत बसतो का ते बघतं. डावीकडचा हिरव्याच्या या टोकाला आणि उजवीकडचा त्या टोकाला असला तरी दोन्ही हिरवेच. म्हणून रंग सोडा, दोघांची वजाबाकी करा. अर्ध्या डिग्रीच्या वर गेली की मी संशय घेतो.

दुसरं म्हणजे कॅस्टर मोजायला फिरत्या प्लेटवर चाकं आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवावी लागतात. घाईच्या वेळी अनेक जण हे करत नाहीत. तुमच्या कागदावर तो रकाना भरलेला आहे का?

चिंचवड

दोन्ही कागद काढले. दोन्हींत कॅस्टरचा रकाना रिकामा.

तुम्ही सगळ्यांनी सांगितलं ते ओळीनं केलं. हवा बरोबर होती. टायर अदलाबदल केले, ओढ डावीकडेच राहिली. तळेगावपर्यंत जाऊन हात लावून पाहिलं, दोन्ही रिम सारखे. स्प्रिंग पिळत नव्हती. मग चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला, दोन्हीकडे तीन-तीनदा. डावीकडचं अंतर ८ मिलिमीटरनं कमी. तेव्हा पहिल्यांदा आठवला तो जुलैतला खड्डा. पाण्यानं भरलेला होता, दिसला नाही, आणि आदळलं ते डावं पुढचं चाक.

तिसऱ्या ठिकाणी गेलो आणि आधीच सांगितलं, कॅस्टर मोजणार असाल तरच करा. डावीकडे २ डिग्री २० मिनिटं, उजवीकडे ३ डिग्री १५. फरक ५५ मिनिटांचा (६० मिनिटं म्हणजे एक डिग्री). चाकाला खालून बॉडीशी जोडणारी लोअर आर्म बदलली, टो पुन्हा लावून घेतला. आता फरक १० मिनिटांचा आहे. काल सोमाटण्यापर्यंत दोन बोटांनी स्टिअरिंग धरून गेलो. उतारानं जाते तेवढीच जाते.

गॅरेजमध्ये जुनी आर्म नवीवर ठेवून पाहिली. बॉडीकडची दोन्ही भोकं जुळवली, तर चाकाकडचं टोक करंगळीच्या नखाएवढं मागे राहत होतं. नुसती बघून ती वाकलीय असं कोणीच म्हणालं नसतं.

रत्नागिरी, टुरिस्ट गाडी

त्या खड्ड्यानं आर्म वाकली असेल तर डाव्या रिमची आतली कडही एकदा फिरवून बघा दादा.